शेतजमिनीवर घर बांधताना: आधी सातबारा, मग नकाशा

शेतात घर बांधायचे ठरले की बहुतेक कुटुंबांत पहिली चर्चा दार पूर्वेला की उत्तरेला, वर कौले की स्लॅब, यावरच रंगते. महाराष्ट्रात मात्र शेतजमिनीवरच्या घराचा आकार, त्याची जागा आणि पुष्कळदा ते घर होणार की नाही हेसुद्धा आराखडा काढणाऱ्याच्या आधी कायद्याने ठरवून ठेवलेले असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही त्यातली मुख्य. तिच्या जोडीला धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि १९४८ चा कुळकायदा आहे. मराठवाड्यात कुळकायदा १९५० चा हैदराबादचा, तर विदर्भात १९५८ चा स्वतंत्र. लागवडीची जमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती जाऊ नये आणि तिचे चिमुकले तुकडे पडू नयेत, हा या सगळ्यामागचा हेतू आहे. घर बांधणाऱ्याला तो अडथळा वाटतो, पण कागद नीट वाचले तर आपल्या जमिनीवर नेमके किती आणि कुठे बांधता येईल हे त्यांतूनच कळते. म्हणून वास्तुविशारदाला पहिला फोन करण्याआधी निदान महिनाभर कागदांना द्यावा, असे माझे मत आहे.

सुरुवात सातबाऱ्यापासून करावी आणि तो वरवर चाळू नये. गाव नमुना सातमध्ये खातेदाराच्या नावाआधी 'भोगवटादार वर्ग' लिहिलेला असतो. तिथे वर्ग १ असेल तर पुढचा रस्ता बराचसा मोकळा असतो. वर्ग २ असेल, म्हणजे जमीन कुळकायद्याने मिळालेली, वतनाची, पुनर्वसनात दिलेली किंवा शासनाने अटींवर वाटलेली असेल, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि बहुधा नजराणा, म्हणजे शासनाला भरायची रक्कम, यांशिवाय तिचे हस्तांतर किंवा वापरबदल होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने घ्यायची असेल तर संहितेचे कलम ३६-अ आडवे येते, आणि ते आडवे यावे असेच आहे. त्यानंतर 'इतर हक्क' हा रकाना पाहावा. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, बहिणींची नावे, कुळाची नोंद, न्यायालयातला दावा हे सगळे तिथेच दडलेले असते. प्रलंबित फेरफाराची, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीची, ओळ दिसत असेल तर तो फेरफार मंजूर किंवा नामंजूर होईपर्यंत एक रुपयाही इसार देऊ नये.

सातबाऱ्यावरचा 'पोटखराबा' हा रकाना घर बांधणाऱ्याने विशेष लक्ष देऊन वाचावा. वर्ग 'अ'चा पोटखराबा म्हणजे खडक, चढ, बरड असे लागवडीला न येणारे क्षेत्र. वर्ग 'ब'चा म्हणजे रस्ता, नाला, पाणवठा अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेले क्षेत्र. 'ब'वर घर बांधण्याचा विचारही करू नये. 'अ'चे क्षेत्र मात्र पुष्कळदा घरासाठी सर्वांत योग्य जागा ठरते. त्याचे कारण पुढे पायाच्या संदर्भात येईलच. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि सगळे जुने फेरफार क्रमाने लावून वाचावेत.

पुढचे काम मोजणीचे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करावा, शुल्क भरावे आणि मोजणीच्या दिवशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना हजर ठेवावे. आमच्या गटाची मोजणी झाली तेव्हा आजोबांच्या काळापासून आमचा म्हणून ओळखला जाणारा आंब्याचा बांध शेजाऱ्याच्या गटात निघाला, आणि उत्तरेकडे त्यांनी वर्षानुवर्षे पेरलेली एक पट्टी आमची निघाली. घर आधी बांधले असते तर स्वयंपाकघराची मागची भिंत वादात सापडली असती. मोजणीदाराने रोवलेल्या खुणांच्या जागी त्याच आठवड्यात दगड गाडून घ्यावेत. नांगर फिरला की चुन्याच्या खुणा दोन दिवसांत नाहीशा होतात. मोजणी नकाशाची 'क' प्रत हाती आल्याखेरीज बांधकामाच्या आराखड्याला हात घालू नये.

आता परवानगीचा मार्ग निवडायचा. ढोबळमानाने तीन मार्ग आहेत, आणि कोणता लागू पडेल ते जमीन कुठे आहे यावर ठरते. त्यासाठी नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा मिळवावा.

जमीन गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत असेल तर महसूल संहितेचे कलम ४२-ड उपयोगी पडते. या पट्ट्यातली जमीन निवासी वापरासाठी अकृषिक, म्हणजे बिनशेती, झाली असे कायद्यानेच मानले जाते. त्यासाठी ठरलेल्या रकमा आणि आवश्यक तिथे नजराणा भरावा लागतो. हे अंतर गावातल्या चावडीपासून किंवा शेवटच्या घरापासून मोजायचे नसते, तर नकाशावरच्या गावठाणाच्या हद्दीपासून मोजायचे असते, हे अनेकांना ठाऊक नसते. आपल्या गटाचा काही भाग आत आणि काही भाग बाहेर असेल तर घर आतल्या भागात घ्यावे. जमीन अकृषिक झाली तरी बांधकाम परवानगी वेगळी घ्यावी लागते; या दोन गोष्टींची गल्लत करून अडचणीत आलेले लोक कमी नाहीत.

दुसरा मार्ग विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत निवासी विभागात आलेल्या जमिनीचा. तिथे कलम ४२-ब आणि ४२-क यांमुळे पूर्वीसारखी स्वतंत्र बिनशेती परवानगीची फेरी मारावी लागत नाही. ठरलेल्या रकमा भरून थेट बांधकाम परवानगीकडे जाता येते. बिनशेतीच्या पद्धतीत अलीकडच्या वर्षांत सतत बदल होत आहेत, त्यामुळे अर्ज करण्याच्या आठवड्यात तहसील कार्यालयात ताजा शासन निर्णय मागून वाचावा. गावातल्या कुणीतरी चार वर्षांपूर्वी केलेल्या प्रकरणाची प्रत समोर ठेवून अर्ज करू नये.

तिसरा मार्ग शेतघराचा. जमीन शेती विभागात आहे, गावठाणापासून दूर आहे आणि ती शेतीच राहावी असे आपल्यालाही वाटते, तेव्हा हाच मार्ग सरळ आहे. कायद्याच्या दृष्टीने शेतघर म्हणजे शेतीच्या सोयीसाठी उभारलेली वास्तू: अवजारे, धान्य, वैरण ठेवण्यासाठी, जनावरांसाठी, तसेच खातेदाराच्या कुटुंबाच्या आणि गड्यांच्या राहण्यासाठी. राज्याच्या मोठ्या भागात ३ डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर क्षेत्र, ०.०३७५ इतका चटई क्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा) आणि कोणत्याही परिस्थितीत ४०० चौरस मीटरची कमाल मर्यादा आहे. जमीन प्रत्यक्ष लागवडीखाली असणे ही अटही आहे. मुंबई आणि काही पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे या नियमावलीच्या बाहेर असून त्यांचे नियम वेगळे आहेत. डहाणू तालुका १९९१ पासून आणि महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून अशा संवेदनशील क्षेत्रांत मोडतात. तिथे जमीन घेण्याआधीच स्वतंत्र चौकशी करावी.

या आकड्यांचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा. चाळीस आर म्हणजे चार हजार चौरस मीटर, त्याला ०.०३७५ ने गुणले की दीडशे चौरस मीटर, म्हणजे सुमारे सोळाशे चौरस फूट बांधकाम मिळते. साठ आर असतील तर सव्वादोनशे चौरस मीटर. एक हेक्टर सात आरांच्या आसपास चारशेची मर्यादा गाठली जाते आणि त्यापुढे जमीन कितीही असली तरी बांधकाम वाढत नाही. यातच गोठा, कोठी आणि गड्याची खोली यांचाही विचार करायचा असतो. शिवाय शहरांच्या परिघातल्या जमिनींसाठी महसूल संहितेच्या कलम ४१ मध्ये राहत्या इमारतीच्या जोत्याला १५० चौरस मीटरची मर्यादा घातलेली आहे. सातबाऱ्यावर 'एक एकर' लिहिलेले नसते, तिथे हेक्टर-आर असते, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर चाळीस आरांपेक्षा किंचित मोठा असतो. म्हणून भरलेला एकर या अटीत बसतो, पण मोजणीत दोन आर कमी निघाले की तोच एकर अटीबाहेर जातो. मोजणी आधी का करावी, याचे हे दुसरे कारण.

जमीन विकत घेऊन घर बांधणाऱ्यांसाठी आणखी दोन अटी आहेत. कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन शेतकरीच विकत घेऊ शकतो. शहरात नोकरी करणाऱ्याच्या नावावर किंवा त्याच्या वडिलोपार्जित खात्यात शेती असेल तर तो पुरावा खरेदीखताला जोडावा लागतो. या कलमाचा भंग झाल्यास कलम ८४-क खाली व्यवहार अवैध ठरून जमीन शासनजमा होऊ शकते. दुसरी अट तुकडेबंदीची. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी वीस आर आणि बागायतीसाठी दहा आर असे प्रमाणभूत क्षेत्र ठरले. त्यापेक्षा लहान तुकडा शेतजमीन म्हणून स्वतंत्र विकता येत नाही. 'दोन गुंठे, निसर्गाच्या कुशीत' अशा फलकांमागे बहुधा एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे चढवण्याचा प्रकार असतो. तिथे आपला तुकडा नेमका कोणता हे कागदावर कुठेच नसते, आणि सहहिस्सेदारांपैकी एकाने वाटपाचा दावा लावला की सगळ्यांची बांधकामे लोंबकळतात. जुने व्यवहार नियमित करण्याच्या सवलती शासनाने वेळोवेळी दिल्या आहेत. उद्या अशीच सवलत मिळेल या भरवशावर आज तुकडा घेऊ नये.

रस्त्याबद्दल थोडक्यात: बांधावरून बैलगाडी जाते म्हणजे घराला रस्ता आहे असे नव्हे. कलम १४३ खाली तहसीलदार शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट देतात, पण ती शेतीसाठीची वाट असते आणि बांधकाम परवानगीला ती पुरेलच असे नाही. गाव नकाशावरच्या शिवरस्त्याला किंवा पाणंदीला गट लागून असेल तर उत्तम. नसेल तर शेजाऱ्याकडून नोंदणीकृत दस्ताने रस्त्याचा हक्क घेऊन तो दोन्ही सातबाऱ्यांच्या इतर हक्कांत चढवून घ्यावा. तोंडी 'जा की, आपलंच आहे' हे वाक्य पुढच्या पिढीपर्यंत टिकत नाही.

कागद जमले की मग जागेवर जावे, आणि शक्यतो दोनदा जावे: एकदा मे महिन्यात आणि एकदा भर जुलैत. काळ्या कापशी जमिनीत मे महिन्यात हाताचे पंजे आत जातील एवढ्या भेगा पडलेल्या दिसतात, आणि तीच जमीन जुलैत फुगून चिखल होते. ही उघडझाप दरवर्षी होते आणि साध्या पायावरची भिंत तिच्याबरोबर वर-खाली होते. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या जाणाऱ्या भेगा ही त्याची खूण. म्हणून घराची जागा ठरवण्याआधी तीन-चार ठिकाणी चाचणी खड्डे घ्यावेत. आम्ही घेतलेल्या पहिल्या खड्ड्यात सात फुटांवरही काळी माती संपली नव्हती. दुसऱ्या खड्ड्यात, गटाच्या चढाच्या टोकाला जिथे ज्वारीही नीट येत नव्हती, तिथे दीड फुटांवर पिवळसर मुरूम लागला आणि चार फुटांवर पहार खणखणू लागली. घर तिथे घेतल्याने पायाचा खर्च तर कमी झालाच, पण सगळी चांगली माती पिकासाठी राहिली. पोटखराबा 'अ' आधी पाहावा असे मी वर म्हटले ते यासाठी. माळावरच्या घरातून दृश्य चांगले दिसते, हा वरचा फायदा.

काळ्या मातीतच घर घ्यावे लागणार असेल तर पायाबाबत काटकसर करू नये. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनींसाठी विकसित केलेली, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या खांबांची पद्धत देशात अनेक दशके वापरात आहे. हे खांब साधारण साडेतीन मीटर खोल जातात, म्हणजे ऋतूनुसार फुगणाऱ्या-आकसणाऱ्या थराच्या खाली टेकतात. त्यांच्यावरच्या जोत्याच्या तुळईखाली थोडी पोकळी सोडतात, नाहीतर फुगलेली माती तुळईच वर उचलते. घराभोवती निदान मीटरभर रुंदीचा, बाहेर उतार असलेला फरसबंदीचा पट्टा करावा आणि पागोळ्यांचे पाणी त्याच्या पलीकडे पडेल असे पाहावे. हे सगळे स्थापत्य अभियंत्याकडून माती तपासून रेखाटून घ्यावे. गवंड्याच्या अनुभवाला मान द्यावा, पण पायाची खोली त्याच्या अंदाजावर सोडू नये. कोयना परिसर भूकंपप्रवण आहे हे १९६७ मध्ये, आणि लातूर-धाराशिवचा भाग तसा आहे हे १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दिसले. माती-दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचा जड धाबा अशी घरे किल्लारीत सर्वाधिक कोसळली. जुन्या पद्धतीचे दगडी घर बांधायचे असेल तर जोत्याला, खिडकीच्या वर आणि भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचे पट्टे घालावेत आणि भिंतीच्या आरपार जाणारे दगड ठरावीक अंतराने बसवावेत.

कोकणात प्रश्न निराळा. तिथे जांभ्याचा कातळ पायाला उत्तम असतो, पण तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस पश्चिमेकडून झडीने येतो. उतरते छप्पर, तीन-चार फूट पुढे आलेली वळचण आणि पश्चिमेला पडवी हे तिथे हौसेचे नव्हे, गरजेचे भाग आहेत. जांभ्याचा चिरा खाणीतून काढल्यावर काही काळ उघड्यावर ठेवून कडक होऊ द्यावा. नदीकाठच्या जमिनीत निळी आणि लाल पूररेषा तपासावी: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत घर नाही; दोहोंच्या मध्ये परवानगी मिळाली तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा निदान ०.४५ मीटर वर घ्यावे लागते.

आराखडा काढताना शहरातल्या बंगल्याचे चित्र बाजूला ठेवावे. शेतावरच्या घरात चिखलाचे पाय धुण्याची जागा मागच्या दाराशी लागते, धान्य वाळवायला ऊन येणारे खळे लागते, आणि फवारणीची औषधे ठेवायला घरापासून अलग, कुलूप लागणारी खोली लागते. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून गोठा आणि शेणखड्डा घराच्या पूर्वेला असावा. शेजारी द्राक्षबाग असेल तर झोपण्याच्या खोल्यांच्या खिडक्या त्या बांधाकडे उघडू नयेत. हंगामात फवारणीचा धूर थेट आत येतो. उसाच्या पट्ट्यात पाचट पेटवल्यावर ठिणग्या किती लांब उडतात ते एकदा डोळ्यांनी पाहावे आणि मगच घर व फड यांतले अंतर ठरवावे. जुन्नरसारख्या भागात बिबट्या उसातच राहतो, त्यामुळे गोठ्याला भिंती, दार आणि वरून जाळी हवी. शोषखड्डा विहिरीपासून किंवा कूपनलिकेपासून निदान १८ मीटर दूर, आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा. शेतीपंपाच्या जोडणीवरून घरात दिवे लावू नयेत. तो अनधिकृत वापर ठरतो. घरगुती जोडणीसाठी वेगळा अर्ज लवकर करावा, कारण खांब आणि तारा लांबून आणाव्या लागल्या तर खर्च व वेळ दोन्ही वाढतात.

बँकेचे गृहकर्ज हवे असेल तर परवानगीचे कागद पूर्ण झाल्यावरच बोलणी सुरू करावीत. निव्वळ शेतीच्या सातबाऱ्यावर बँका घरासाठी कर्ज देत नाहीत. ठेकेदाराशी करार फुटाच्या दराने होवो किंवा कामनिहाय, त्यात पाया जोत्यापर्यंत स्वतंत्र दाखवून घ्यावा, कारण शेतात आश्चर्ये जमिनीखालीच निघतात. पायासाठी खोदताना वरची फूटभर सुपीक माती आधी खरवडून वेगळी ठेवावी आणि शेतात पसरावी. खालचा मुरूम मात्र गटाबाहेर नेण्याआधी गौण खनिजाची परवानगी घ्यावी, नाहीतर वाहनासह दंडाची नोटीस येते. जोत्यापर्यंत काम आले की जोते तपासणी करून घ्यावी, तोवर वरचे विटकाम सुरू करू नये.

घर पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नोंद करून घ्यावी. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम नियमित झाले, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे, घरपट्टी ही केवळ आकारणी आहे. शेतघराच्या मार्गाने बांधले असेल तर उरलेली जमीन लागवडीखाली आहे हे दरवर्षी कागदावर दिसले पाहिजे. त्यासाठी खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा प्रत्येक हंगामात मोबाईलवरून ई-पीक पाहणी स्वतः नोंदवावी, आणि ती करताना छायाचित्र घराच्या अंगणातून न काढता पिकात उभे राहून काढावे.